लिंडेन ग्रीनच राहू दे

ट्रॉय, मिशिगन

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुझ्या जुन्या पॉन्टियाक जीटीओ गाडीच्या रंगाबद्दल विचारलंस, "आई, लाल करू ना?" तेव्हा मी हो-नाही काहीच बोलले नाही, कारण बाबा शेजारी उभे राहून "लाल, लाल" अशा खुणा करत होते. आता ते जेवून झोपलेत, म्हणून सविस्तर लिहिते. लाल करू नकोस.

तू पाठवलेला फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या, पाटीचा फोटो मी मोठा करून पाहिला. रंगाच्या रकान्यात एच आहे. 1967 च्या पॉन्टियाकमध्ये एच म्हणजे लिंडेन ग्रीन, पिवळसर झाक असलेला तो शेवाळी हिरवा. आत्ता अंगावर जो लाल आहे तो नंतर कोणीतरी दिलाय, आणि घाईघाईत दिलाय. दाराच्या रबराखाली नखाने खरवडून बघ, हिरवा सापडेल. रस्त्यावर लाल जीटीओ इतक्या झाल्यात की त्या वर्षी कारखान्यात दुसरा डबा उघडलाच नव्हता असं वाटावं. त्या सालच्या 81,722 जीटीओंपैकी तुझी एक. ती ज्या रंगाची होती त्याच रंगाची राहू दे, एवढंच माझं मागणं आहे. बाकीचं पत्र त्याच्याच आजूबाजूला आहे.

आधी कागद. डाव्या दाराच्या बिजागरीपाशी खांबावर जो क्रमांक आहे तो 242177P ने सुरू होतो. 242 म्हणजे जीटीओ, 17 म्हणजे हार्डटॉप (दारामागे मधला खांब नसलेली), 7 म्हणजे 1967, आणि पी म्हणजे पॉन्टियाक गाव. आपल्या घरापासून अर्ध्या तासावरचं. विकणाऱ्याने तुला "ही अस्सल आहे" म्हणून सांगितलं, त्यात 242 मुळे तथ्य आहे. 1964-65 ची गाडी असती तर क्रमांकावरून काहीच कळलं नसतं, कारण तेव्हा जीटीओ हे वेगळं मॉडेल नव्हतंच. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही असा पॉन्टियाकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, नियम होता. पॉन्टियाकवाल्यांनी 389 चं इंजिन "जादा सामान" म्हणून टेम्पेस्ट या आपल्या मध्यम गाडीच्या यादीत घुसवलं आणि वरच्यांना कळेपर्यंत गिऱ्हाइकांची रांग लागली. तेव्हाचा पॉन्टियाकचा मुख्य इंजिनियर जॉन डेलोरियन आणि त्याच्या माणसांची ही चलाखी. माझ्या कामाच्या जागी जुनी माणसं ही गोष्ट अशी सांगायची, जणू स्वतःच तिथे होती.

पण 242 वरून इंजिन मूळचं आहे की नाही ते कळत नाही. ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकाचे आकडे ठोकायची पद्धत 1968 ची, तुझ्या ब्लॉकवर ते मिळायचे नाहीत. पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या खाली, दोन अक्षरांचा शिक्का आहे का ते चिंधीला रॉकेल लावून पूस आणि बघ. चार गिअरच्या साध्या 335 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला डब्ल्यूटी असतं. आणि जुन्या पॉन्टियाकच्या नोंदी सांभाळणाऱ्या पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मागव. ती येईपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नकोस. एकही.

आता गंज. यात तरी माझं ऐकशील अशी आशा आहे. उभं आयुष्य मी गंजाची चाचणी करायच्या मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीसमोर काढलं. पाच टक्के मिठाचं पाणी, 35 अंश तापमान, आत टांगलेले पत्र्याचे तुकडे, आणि रोज सकाळी कोण किती फुगलंय ते पाहायचं. तुझी गाडी त्याच पेटीत हिवाळ्यामागून हिवाळे राहिली आहे, फक्त पेटीचं नाव ओहायो. इथे डेट्रॉईट शहराच्या पोटात साधारण साडेतीनशे मीटर खाली मिठाची खाण आहे, हे तुला शाळेत सांगितलं असेल. वर गाड्या बनवायच्या, खालून मीठ काढायचं, आणि ते रस्त्यावर पसरून त्याच गाड्या खायच्या. माझा पगार याच चक्रातून निघाला, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

त्या काळचा पत्रा साधा, बिनजस्ताचा. खोक्यासारख्या बंद जागांच्या आत रंग पोचलेलाच नसायचा. मागच्या काचेच्या भोवतीची स्टीलची चकचकीत पट्टी काढ. तिच्या खालच्या खोबणीत पाणी साचतं, तिथून पत्रा कुजतो आणि पाणी डिकीत उतरतं. तुझी डिकी गेली आहे ती खालून आलेल्या मिठाने अर्धी आणि वरून आलेल्या पाण्याने अर्धी. नुसती डिकीची नवी तळफळी बसवशील आणि काचेची खोबणी तशीच ठेवशील, तर ती नवी तळफळीही जाईल. मग मागच्या मडगार्डांचे खालचे कोपरे, चाकांच्या कमानी, आणि मागच्या ॲक्सलवर चढणारी चासीची कमान. चासीला हातोडीने वाजवत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे खडूने खूण. मडगार्डांवर लोहचुंबक फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (भरायची पुट्टी) आहे, आणि फोटोवरून मला वाटतं की डाव्या बाजूला बरीच असावी.

वाळूच्या फवाऱ्याने चासी साफ करून घे, पण बोनेट, छप्पर, दारं अशा सपाट पत्र्यांना तो कारागीर हात लावणार नाही एवढं पाहा. पत्रा ताणला जातो, लाटा पडतात, आणि त्या नंतर कोणत्याही लांबीने लपत नाहीत. आम्लाच्या टाकीत संपूर्ण बॉडी बुडवणारे लोक आहेत. मी बुडवणार नाही. दोन पत्र्यांच्या सांध्यात गेलेलं आम्ल धुऊन निघत नाही आणि वर्षा-दोन वर्षांनी नव्या रंगाखालून फोड होऊन बाहेर येतं.

कोणत्याच पुस्तकात जे ठळक छापलेलं मला दिसलं नाही ते आता. गंज घासून पत्रा पांढरा झाला तरी त्यातल्या बारीक खड्ड्यांत मिठातलं क्लोराइड बसलेलं असतं. त्यावर प्रायमर मारलास तर ते क्लोराइड रंगाच्या आरपार ओलावा ओढून घेतं आणि खालून पुन्हा सुरू होतं. म्हणून घासल्यावर गरम, गोड्या पाण्याने धू, लगेच वाळव, तासाभरात पुन्हा तांबूस झाक आली तर पुन्हा घास, पुन्हा धू. कंटाळवाणं काम आहे, आणि सगळं त्यावरच आहे. शेवटी, रंग झाल्यावर, बंद खोक्यांच्या आत मेणाचा फवारा मार. बाहेरच्या चकाकीवर जेवढा खर्च करशील त्याच्या पावपट आतल्या मेणावर कर, गाडी तुझ्यापेक्षा जास्त टिकेल.

कापायच्या आधी फोटो काढ. आणि खडूच्या किंवा पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, फायरवॉलवर, चासीवर, सीटखाली, तर पुसू नकोस. कारखान्यात गाडी जोडायच्या साखळीवर उभ्या माणसाने पुढच्या माणसासाठी केलेल्या त्या खुणा आहेत. मला या नव्या-कोऱ्या दिसणाऱ्या जुन्या गाड्यांचा थोडा राग येतो, खरं सांगते. दारांच्या फटी सुरीने कापल्यासारख्या सारख्या, बोनेटखाली आरसा, रंगावर पारदर्शक लेपाचे थर. तेव्हाचा रंग ॲक्रिलिक लॅकर होता. त्यावर असला लेप नव्हता, आणि दाराच्या आत कुठे ओघळ आला तर कोणी गाडी थांबवत नव्हतं. तीन हजार डॉलरच्या आत मिळणारी गाडी होती ती, शुक्रवारी संध्याकाळी घरी जायची घाई असलेल्या माणसांनी जोडलेली. तिला त्यांच्यापेक्षा हुशार दाखवू नकोस.

इंजिनाचं बाबा सांगतीलच, पण दोन गोष्टी मी आधी सांगते, कारण ते थेट हॉर्सपॉवरवर जातील. पहिली, समोरचं झाकण उघडून टायमिंगचं मोठं चाक बघ. मूळचं असेल तर त्याचे दात नायलॉनचे आहेत. आवाज कमी व्हावा म्हणून तसे केले होते. इतक्या वर्षांनी ते ठिसूळ होऊन तुटतात, तुकडे तेलाच्या तळपात्रात पडतात आणि पंपाची जाळी बुजवतात. "इंजिन मस्त चालतंय" असं विकणारा म्हणाला असला तरी तळपात्र खोलल्याशिवाय लांब नेऊ नकोस. दुसरी, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये वायू किती पट दाबला जातो ते, 10.75 आहे. त्या काळच्या शिसेवाल्या प्रीमियम पेट्रोलवर ते खपायचं, आजच्या 93 ऑक्टेनच्या पेट्रोलवर ओतीव लोखंडाच्या हेडसह इंजिन आतून ठोके द्यायला लागेल. तुझ्या हेडवर 670 आकडा असेल तर ती फक्त त्याच वर्षीची. ती फेकू नकोस, विकू नकोस. पिस्टन बदलून कॉम्प्रेशन खाली आण आणि हेड तीच ठेव. हेड खोललीच आहेत तर व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या करून घे. नवा कॅमशाफ्ट टाकलास तर जस्त जास्त असलेलं तेल घाल आणि पहिल्यांदा चालू केल्यावर वीसेक मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर धर, रिकामी खुरखुर करत ठेवू नकोस. कार्ब्युरेटरच्या नळ्या सगळ्या नव्या. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं.

मूळचं ते मूळचं, असं इतका वेळ म्हणत आले, पण ब्रेक आणि सीटच्या पट्ट्यांच्या बाबतीत नाही. 335 हॉर्सपॉवर, सोळाशे किलो वजन, आणि थांबवायला चारी चाकांना साडेनऊ इंची ड्रम. 67 ला पुढचे डिस्क जादा पैशाने मिळत होते, म्हणजे त्या काळच्या पद्धतीचेही बसवता येतील. ते बसव. ब्रेकची दोन वेगळी सर्किट त्याच वर्षी आली, तेवढं नशीब. कमरेचे पट्टे आहेत, खांद्याचे नाहीत. ते गाडी रस्त्यावर यायच्या आधी. यावर चर्चा नाही.

आणि काम करताना: जुन्या ब्रेकच्या आणि क्लचच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असतं, ती हवेच्या पाइपने उडवू नकोस, ओली करून पूस. पुढची स्प्रिंग एकटीने काढायची नाही, ती सुटली तर भिंतीत घुसेल. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. हे तुला ठाऊक आहे, मला लिहायचंच होतं.

पैशाचं मी विचारणार नाही. एवढंच लक्षात असू दे की तयार गाडी विकत घेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं, त्यामुळे नंतर हिशेब मांडून भांडण करायचं नाही, ना स्वतःशी ना माझ्याशी.

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते, तेव्हा बाबा मला ओढून नेतात आणि मी गाडीच्या काचा वर करून बसते. त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, पॉन्टियाक गावात, तुझी गाडी बनली. ब्रँड 2010 मध्ये बंद झाला. तू हिरवी घेऊन आलीस तर मी काच खाली करेन. यंदाचं नाही म्हणत, पुढच्या, नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी.

पुढच्या महिन्यात बाबा वेल्डिंगचं मशीन घेऊन तिकडे यायचं म्हणताहेत. काचेची खोबणी त्यांना करू दे, त्यांचा हात बारीक कामाला चांगला आहे. बोनेटवर बसणारा टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा) विकत घ्यायचा हट्ट धरतील. बिलाची प्रत येईपर्यंत थांबव, आणि बिलावर नसेल तर घेऊ देऊ नकोस. माझं नाव सांग.

तुझी,
आई