तिबेटच्या घोडदौडीला ‘डर्बी’ म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तिबेटी पठारावरच्या अश्वमेळ्यांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात या मेळ्यांना ‘तिबेटची डर्बी’ म्हटलं आहे आणि चीनमधल्या चेंगदू शहराहून थेट विमानानं जाण्याचा सल्लाही दिला आहे. पहिल्या गोष्टीनं फार तर अपेक्षाभंग होईल, दुसरीनं माणूस दवाखान्यात पोहोचेल.

डर्बी म्हटलं की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे कठडे लावलेली धावपट्टी येते आणि अडीच-तीन मिनिटांत लागणारा निकाल. तिबेटात धावपट्टीच नसते. लांब पल्ल्याची दौड पाच किलोमीटरच्याही पुढं जाते, उघड्या कुरणातून. घोडी ठेंगणी, खांद्यापाशी साधारण 125 ते 135 सेंटिमीटर, म्हणून स्वार बहुधा हलक्या अंगाची मुलंच असतात. पायाखाली पिका नावाच्या छोट्या प्राण्यांची बिळं असतात. भरधाव घोड्याचा पाय त्यात गेला की घोडं आणि स्वार दोघंही कोसळतात.

पण आमच्या मते मेळ्यातली खरी पाहण्यासारखी गोष्ट वेगाची नाहीच. ती आहे चालीची स्पर्धा. सारंगखेड्याच्या बाजारात जाणकार घोड्याची रेवाल चाल पाहतात, तशाच जातीची ही चाल: एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे पडतात आणि स्वाराची पाठ हलत नाही. घोडं ही चाल सोडून दौडू लागलं की बाद. नवखे प्रेक्षक नेमके याच वेळी चहाला उठतात.

जमिनीवर अंथरलेले खाता, म्हणजे पांढरे रेशमी पट्टे, धावत्या घोड्यावरून उचलण्याचा खेळ मात्र सगळ्यांना आवडतो. स्वार एक पाय रिकिबीत अडकवून दुसऱ्या बाजूला जवळजवळ उलटा लोंबकळतो, केस गवताला लागतात. सगळा भार खोगिराच्या एकाच बाजूला येतो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल राहिला तर खोगीर पोटाखाली फिरतं, म्हणून निघण्याआधी तो पुन्हा आवळतात.

मेळे जुलै-ऑगस्टमध्येच का? हिवाळ्यात खंगलेली घोडी जूननंतरच्या गवतावर अंग धरतात. मे-जूनमधली किडाजडीची, म्हणजे महागड्या औषधी बुरशीची, खणणी आटोपलेली असते, लोकांच्या हातात पैसा असतो. युशूचा मेळा परंपरेनं 25 जुलैला, लिथांगचा 1 ऑगस्टला सुरू होतो, नागचूचा ऑगस्टमध्ये. तरी या तारखांवर विसंबून तिकिटं काढू नयेत. 2007 मध्ये लिथांगच्या व्यासपीठावरून एका पशुपालकानं दलाई लामांना परत येऊ द्या, अशी मागणी केली. त्याला अटक झाली आणि पुढं तो मेळा काही वर्षं बंदच होता. आजही सगळं सरकारी परवानगीवर चालतं. नागचू तिबेट स्वायत्त प्रदेशात येतं, तिथं चिनी व्हिसा असूनही आणखी वेगळा परवाना लागतो आणि तो पर्यटन संस्थेमार्फतच मिळतो. लिथांग सिच्वान आणि युशू छिंगहाई या चिनी प्रांतांत असल्यानं तिथं तो लागत नाही.

आता विमानाचं. चेंगदू जवळपास पुण्याच्याच उंचीवर आहे, सुमारे 500 मीटर. लिथांगसाठी सोयीचा म्हणून सांगितला जाणारा दाओचंग विमानतळ 4411 मीटरवर. तासाभरात एवढं चढल्यावर त्याच रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. तिथून बरंच खाली यायचं म्हटलं तरी वाटेत उंच खिंडी ओलांडाव्या लागतात. त्यापेक्षा सुमारे 2500 मीटरवरच्या कांगदिंगमध्ये दोन रात्री काढाव्यात आणि रस्त्यानं टप्प्याटप्प्यानं जावं. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरहून जास्त वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. अॅसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी असल्यास आधी सांगावं. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवावं. सोबतचा ऑक्सिजनचा डबा उतरेपर्यंतची सोय आहे, इलाज नव्हे.

पुढच्या अंकात निदान विमानाचा सल्ला तरी दुरुस्त करावा, ही विनंती.

— घोडेस्वारी आणि गिर्यारोहण शिकवणारे काही वाचक, पुणे