‘आई गं’ म्हणणं पाप आहे का?

महोदय,

शब्दांच्या सामर्थ्यावरचा परवाचा लेख वाचला, काल दिवसभर डोक्यात तेच होतं आणि आज लिहायला बसलेय. लेखकाचा हेतू चांगलाच असेल, भाषाही गोड आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आजारी माणसाने आजाराचं नाव तोंडाने घेऊ नये, जे बोलू तेच घडतं, असं जे तुम्ही चौकटीत ठळक अक्षरात छापलंय ते मला नवीन नाही. माझ्या आईच्या उशाशी हेच वाक्य एका कागदावर लिहून चिकटवलेलं होतं, अकरा महिने.

आईला कॅन्सर होता, पाठीच्या हाडांत पसरलेला. प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या एक ताई दर आठवड्याला यायच्या, प्रेमाने यायच्या हे मी नाकारत नाही, आणि आईचा हात धरून सांगायच्या, मावशी, ‘दुखतंय’ म्हणू नका, सैतान ऐकतो, ‘मी बरी झाले’ असं घोषित करा. आई आयुष्यभर उपासना न चुकवलेली बाई, तिने ते मनापासून पाळलं. डॉक्टर विचारायचे, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय आजी? आणि ती सांगायची, शून्य. मी शेजारी उभी. रात्री ती उशीचा कोपरा दातात धरून पडायची ते मी बघितलेलं, आणि डॉक्टर कागदावर शून्य लिहून साधी गोळी देऊन पाठवायचे. मी एकदा मध्ये बोलले तर घरी आल्यावर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पुढे तब्येत आणखी ढासळली तेव्हा त्याच ताई म्हणाल्या की घरात कोणीतरी निगेटिव्ह बोलतंय. तो रोख कोणावर होता ते सांगायला नको.

ती गेल्यानंतर कपाट आवरताना एक वही मिळाली. मला वाटलं हिशोबाची असेल. आत तारखा होत्या आणि तारखेपुढे, ‘सकाळी दोनदा आई गं. संध्याकाळी एकदा. प्रभू क्षमा कर.’ पुढच्या पानावर, ‘रात्री आई गं, मोजले नाही. क्षमा कर.’ शेवटी शेवटी अक्षर लागत नव्हतं तर नुसत्या उभ्या रेघा. संपादक महाशय, ती कण्हल्याचा हिशोब ठेवत होती. ‘आई गं’ हे शब्द ठरवून कोण म्हणतं हो, ते आतून येतात, ठेच लागली तरी येतात, आणि माझी आई त्याबद्दल देवाची रोज माफी मागत होती, कारण कोणीतरी तिला पटवून दिलं होतं की तिचं दुखणं तिच्याच जिभेने आणलंय.

आता तुमच्या लेखाकडे येते. जीभ जीवन देते आणि मरणही देते हे बायबलमधलं वचन सगळा लेख पेलतंय. तो संदर्भ तुम्ही ‘नीतिसूत्रे २१:१८’ असा छापलाय तो चूक आहे, तिथे दुष्ट आणि नीतिमान यांच्याबद्दलचं भलतंच वचन आहे. तुम्हाला हवंय ते १८:२१. आणि त्याच अठराव्या अध्यायात आठ वचनं मागे गेलं की तेराव्यात म्हटलंय की ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आणि लाज आहे. ते कोणी चौकटीत छापत नाही. पुढे २५:२० मध्ये तर दुःखी मनाच्या माणसापुढे गाणी म्हणणं म्हणजे थंडीच्या दिवसात त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं असं आहे. माझ्या आईपुढे टाळ्या वाजवत विजयाची गाणी म्हटली गेली, तिला उठून बसताही येत नव्हतं तेव्हा.

लेखात बायबलमधल्या ईयोबाचं नाव दोनदा आलंय, भीती बोलून दाखवली म्हणून संकट आलं याचं उदाहरण म्हणून. हे वाचून मी अक्षरशः उठून पुस्तक काढलं. ईयोबाचं पुस्तक बेचाळीस अध्यायांचं आहे, त्यातले पहिले दोन आणि शेवटचा एवढे तरी वाचायचे. संकट का आलं ते पहिल्याच अध्यायात दिलंय आणि तिथे ईयोबाच्या जिभेचा काही संबंध नाही. तिन्ही मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, एक शब्द नाही, आणि मला विचाराल तर त्या सात दिवसांत त्यांनी जे केलं तेवढंच बरोबर केलं. मग ईयोबाने तोंड उघडलं ते जन्मदिवसाला शाप देण्यासाठी. यापेक्षा निगेटिव्ह काय बोलणार माणूस! मित्रांना ते सहन झालं नाही, ते समजवायला लागले, तुझंच काहीतरी चुकलं असणार. आणि शेवटच्या अध्यायात देव अलीफजाला सांगतो की तू आणि तुझे दोघं मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. जो तक्रार करत होता, रडत होता, देवाला जाब विचारत होता त्याचं बोलणं देवाने मान्य केलं, आणि जे देवाची बाजू घेऊन बोलत होते त्यांना ईयोबाकडून प्रार्थना करवून घ्यावी लागली. हे मी आईला वाचून दाखवलं असतं तर. पण तेव्हा मलाही माहीत नव्हतं, मीही त्या चिकटवलेल्या कागदाला घाबरत होते.

‘जे बोलू तेच घडतं’ ही शिकवण किती जुनी आहे तेही लेखकाने सांगायला हवं होतं. अमेरिकेत ई. डब्ल्यू. केन्यन (१८६७-१९४८) आणि नंतर केनेथ हेगिन (१९१७-२००३) या प्रचारकांच्या पुस्तकांतून आणि प्रवचनांतून ती पसरली आणि आता फॉरवर्ड होत होत ती जणू प्रेषितांपासून चालत आली असं लोकांना वाटतं. ग्रीकमधल्या दोन शब्दांपैकी ‘लोगोस’ म्हणजे लिहिलेलं वचन आणि ‘रेमा’ म्हणजे बोललेलं, सामर्थ्याचं वचन, असा जो फरक लेखात केलाय तोही टिकत नाही, पेत्राच्या पहिल्या पत्रात पहिल्याच अध्यायात देवाच्या वचनाला २३व्या वचनात लोगोस म्हटलंय आणि २५व्यात रेमा. आणि प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, जावी म्हणून तीनदा विनंती केली तेव्हा उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे आहे. पौलाने कुठेही असं लिहिलं नाही की माझा काटा गेला असं मी घोषित करतो. उलट त्याने काट्याबद्दल सगळ्या करिंथकरांना पत्रातून कळवलं. सोबतच्या त्रफिमाला मी मिलेत गावी आजारी असताना सोडलं असंही तो सरळ लिहितो.

विश्वासाने डोंगराला ‘समुद्रात जा’ म्हटलं तर तसं होईल हे येशूचं वचन मी विसरलेले नाही, मार्क ११. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, बरं होण्यावरही आहे. पण त्याच मार्काने पंधराव्या अध्यायात येशूचे वधस्तंभावरचे शब्द लिहून ठेवलेत, आणि ते आधी अरामी भाषेत आहेत तसेच ठेवले, ‘एलोई, एलोई, लमा सबख्थनी’, मग अर्थ दिला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे ती. मला नेहमी वाटतं की मार्काला ते ग्रीकमध्ये लिहून भागलं असतं, पण ज्या भाषेत तो कळवळला ती भाषा त्याला पुसाविशी वाटली नसणार. ‘आई गं’ सुद्धा दुसऱ्या भाषेत म्हणता येत नाही. जो स्वतः असा ओरडला तो माझ्या आईच्या वहीतल्या रेघा मोजत बसला असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही, कोणी कितीही मोठ्या अक्षरात छापलं तरी.

शब्दांत सामर्थ्य आहेच, ते मी बघितलंय. आई जाण्याआधी तीन-साडेतीन आठवडे मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांनी काही घोषित केलं नाही, बायबलही उघडलं नाही. बराच वेळ बसल्या, आईच्या पायावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘खूप दुखतंय का गं?’ आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग ‘हो’ म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि रडली, लहान मुलीसारखी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, नऊ. मॉर्फिन सुरू झालं, ती रात्री झोपायला लागली, एकदा तर माझ्याशी जुन्या गोष्टी बोलत बसली होती अर्धा तास. वहीत त्या दिवसांच्या नोंदी नाहीत. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो की जीभ ही जहाजाच्या सुकाणूसारखी लहान असते आणि एवढं मोठं जहाज वळवते. त्या चार शब्दांनी काय वळवलं ते मी बघितलंय आणि त्या ताईंच्या शब्दांनी काय केलं तेही. त्या ताईंबद्दल राग धरू नये असा प्रयत्न करतेय, रोज जमत नाही.

जाता जाता आणखी एक. दोन महिन्यांपूर्वी क्षमेवरच्या लेखाला मी उत्तर पाठवलं होतं. त्यात मी लिहिलं होतं की क्षमा करणं म्हणजे झालेलं विसरून जाणं नाही. तुम्ही ते काटछाट करून छापलंत आणि शेवटचा ‘नाही’ गेला. माझ्याच नावाखाली माझ्या उलटं वाक्य आलं, ओळखीच्या लोकांनी फोन करून विचारलं, आणि तुमच्याकडे दोनदा कळवूनही दुरुस्ती आली नाही. शब्दांच्या सामर्थ्यावर अर्धं पान देता तर एका शब्दाच्या दुरुस्तीला दोन ओळी द्यायला हरकत नसावी. ती आणि नीतिसूत्राच्या आकड्याची, दोन्ही एकदमच द्या.

हे पत्र मोठं झालंय ते मला दिसतंय. जागा कमी पडली तर अमेरिकेचा भाग काढा, लोगोस-रेमाचाही काढा. वहीचा काढू नका.

आपली,
एक वाचक