संशोधन दाईच्या हातातले

वैद्यकीय संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी निधी मिळतो आहे, मिळावाच. पण तंत्रज्ञान म्हटले की संगणकच का आठवावा? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने बालकांचा न्यूमोनिया ओळखायला श्वासमापक केला. गावच्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजणे जमत नसे, दहापर्यंत जमे. म्हणून दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळूच्या घड्याळातली मिनिटभराची वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनियाचा संशय. वीज नको, अक्षरओळख नको! पुढे ३९ गावांतला घरोघरी नवजात बालसेवेचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला, आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्या त्याच धर्तीवर.

आपल्या विद्यापीठांत मात्र वैद्यक, समाजशास्त्र आणि अभियांत्रिकीवाले एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. (पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले की झाले.) आरोग्यविषयक प्रकल्पाला सरकारी पैसा देताना निष्कर्ष ज्या गावात अभ्यास झाला त्याच गावात, तिथल्या बोलीत सांगण्याची अट घालावी आणि त्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

– एक वाचक, चंद्रपूर