दुवे वाचनाच्या क्रमाने हवेत

संपादक महोदय,

मराठी ग्रंथ, कायदे आणि पाठ्यपुस्तके संकेतस्थळांवर येत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ती सलग वाचता यावीत याचा विचार फार थोड्या ठिकाणी झालेला दिसतो. २० दशक आणि २०० समासांचा ‘दासबोध’ अनुक्रमणिका, तिच्याखाली दशक आणि दशकाखाली समास अशा उतरंडीने मांडला, तर पहिल्या दशकातील शेवटचा ‘नरदेहस्तवन’ हा समास संपवून दुसऱ्या दशकातील ‘मूर्खलक्षण’ गाठण्यासाठी दोन पायऱ्या वर चढून पुन्हा दोन खाली उतरावे लागते. गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने फोन धरून वाचणाऱ्याचे वाचन तिथेच थांबते. ब्राउझरचे ‘मागे’ बटण इथे उपयोगी नाही, कारण त्याला आपण उघडलेल्या पानांचा क्रम ठाऊक असतो, ग्रंथाचा नव्हे.

यासाठी प्रत्येक पानाच्या तळाशी ‘मागील’ आणि ‘पुढील’ असे दुवे हवेत. ते हाताने लिहू नयेत, कारण मध्ये एखादे प्रकरण घातले की ते चुकतात. अनुक्रमणिकेवरून संगणकानेच ते ठरवावेत. पानाला उपपाने असतील तर त्यांतले पहिले, नसतील तर त्याच पातळीवरचे पुढचे, आणि तेही नसेल तर एकेक पातळी वर जाऊन जिथे पुढचे पान सापडेल ते, एवढाच नियम आहे. माझ्या पाहण्यात ही तिसरी पायरीच बहुधा राहून जाते आणि दशक संपला की दुवाही संपतो. दुव्यात पुढच्या पानाचे शीर्षकही असावे. स्क्रीन रीडरवर ऐकून वाचणाऱ्या अंध वाचकांना नुसत्या ‘पुढे’ या शब्दावरून काहीच कळत नाही.

वेबपाने ज्या भाषेत लिहितात तिच्या १९९७ च्या ‘एचटीएमएल ४’ या प्रमाणकातही पानांमधील ‘नेक्स्ट’ (पुढील) आणि ‘प्रेव्ह’ (मागील) हे संबंध नोंदवण्याची सोय होती. शोधासाठी पानांची नोंद करताना आपण या खुणा वापरत नाही, असे गूगलने २०१९ मध्ये जाहीर केले; पण तो शोधयंत्राचा प्रश्न झाला, वाचकाला दिसणाऱ्या दुव्यांची गरज त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

सार्वजनिक खर्चातून उभ्या राहणाऱ्या ग्रंथविषयक संकेतस्थळांच्या निविदेतच ही अट घालावी आणि काम स्वीकारण्यापूर्वी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत केवळ ‘पुढील’ दाबत जाऊन ती तपासावी, अशी माझी संबंधितांना विनंती आहे.

— एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई