बाबा, त्यांना पळपुटे म्हणू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी मध्येच गप्प झाले, ते तुम्हाला जाणवलं असणार. बाबा म्हणाले, "अफगाणांची तीन लाखांची फौज, तालिबानसमोर दहा दिवस टिकली नाही. पळपुटे सगळे." तेव्हा उत्तर सुचलं नाही असं नाही. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलत होतात त्यांतली अकरा पोरं वर्गाबाहेरच्या पायऱ्यांवर बसली होती, आणि मराठी कळत नसलं तरी माझा चेहरा त्यांना वाचता येतो. म्हणून हे लिहून पाठवते आहे. बाबा, तुम्ही आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

ही मुलं इथे आली ती काबूलच्या सरकारने पाठवलेले कॅडेट म्हणून. आपल्या लष्करी अकादम्यांमध्ये त्यांनी प्रशिक्षण घेतलं. शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा ज्या सैन्यात त्यांना अधिकारी व्हायचं होतं ते सैन्यच उरलं नव्हतं. 2022 मध्ये आपल्या सरकारने अशा सुमारे 80 जणांसाठी वर्षभराचा इंग्रजीचा अभ्यासक्रम ठेवला. त्यातला एक वर्ग माझ्याकडे आहे.

मागच्या महिन्यात नोकरीचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवत होते. 'आधीचा अनुभव' या रकान्यापाशी एकाने हात वर केला. अफगाण राष्ट्रीय सैन्य, असं लिहायचं आहे, पण पुढे क्रियापद कोणतं, "आहे" की "होतं"? वर्गात कोणी हसलं नाही. मी फळ्याकडे वळले आणि बराच वेळ काहीच लिहू शकले नाही.

बाबा, तुम्ही तीस वर्षं रंगरूट घडवलेत. उस्ताद म्हणून तुमचा दरारा होता, पण मला आठवतं ते वेगळंच. पहिला पगार झाला की कोणाचे पैसे घरी पोचले, कोणाचे मध्येच अडकले, हे तुम्ही स्वतः विचारत फिरायचात. उपाशी घराचा पोरगा पहाऱ्यावर उभा असला तरी त्याचं लक्ष रस्त्यावर नसतं, असं म्हणायचात. तेवढं एक ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आधी इराक बघा. तिथेही अमेरिकेनेच नवं सैन्य उभं केलं, आणि चूक तिथे उघडी दिसते. 23 मे 2003 रोजी बगदादमधल्या अमेरिकी प्रशासनाचे प्रमुख पॉल ब्रेमर यांनी एका आदेशाने इराकचं जुनं सैन्य बरखास्त केलं. लाखो शिकलेले, कवायत केलेले, घरी शस्त्र असलेले पुरुष एका दिवसात बेकार झाले. मग नवं सैन्य उभं करायची घाई सुरू झाली. एप्रिल 2004 मध्ये त्यातली एक बटालियन फलुजा शहराकडे लढायला निघाली आणि वाटेतूनच परतली. आम्ही आमच्याच लोकांशी लढायला भरती झालो नव्हतो, असं त्या जवानांचं म्हणणं होतं. तरी पुढच्या वर्षी अध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं की इराकी जसजसे उभे राहतील तसतसे आम्ही मागे हटू. त्यानंतर सगळं मोजलं गेलं ते आकड्यांत: किती भरती झाले, किती शिकून बाहेर पडले, किती गणवेश वाटले. गणवेशातल्या माणसाला वेळ आली तर थांबावंसं वाटेल का, याचा रकाना कुठल्या तक्त्यात असणार?

जून 2014 मध्ये इराकमधलं मोसुल शहर पडलं. आयसिस या अतिरेकी संघटनेचे हल्लेखोर काही शेकडे ते हजार-दीड हजार, आणि शहरात कागदोपत्री त्यांच्या कितीतरी पट सैन्य. कागदोपत्री म्हणते, कारण त्याच वर्षी पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत सांगितलं की पगार उचलणारे 50,000 सैनिक प्रत्यक्षात नाहीतच. इराकी लोकांनी त्यांना नाव ठेवलं होतं 'फदाईयीन', म्हणजे अंतराळातले लोक. बाबा, हजेरीपटावर खोटी सही दिसली तर तुम्ही कसे लालबुंद व्हायचात! इथे अख्ख्या तुकड्याच खोट्या होत्या, आणि खऱ्या जवानाच्या शिध्यातला वाटाही वर कोणीतरी खात होतं.

पण त्याच देशात एक दल असं निघालं ज्याने पळ काढला नाही. दहशतवादविरोधी दल, ज्याला लोक सोनेरी डिव्हिजन म्हणतात. त्यांची निवड कडक, पगार वेळेवर, शिया-सुन्नी-कुर्द एकाच तुकडीत, आणि प्रशिक्षकही दर काही महिन्यांनी नवे अनोळखी येण्याऐवजी वर्षानुवर्षं तेच संबंध टिकवून असलेले. 2016-17 मध्ये गल्लीबोळांतून नऊ महिने लढून मोसुल परत मिळवलं तेव्हा पुढे हेच होते. त्यांची माणसं किती पडली ते वाचताना मला दोनदा पुस्तक मिटावं लागलं. माणसं तीच, देश तोच. फरक घडवण्यात होता.

आता माझ्या पोरांचं. ऑगस्ट 2021 मध्ये 6 तारखेला झरंज ही पहिली प्रांतिक राजधानी पडली आणि 15 तारखेला काबूल. तुमचे दहा दिवस ते हेच. पण त्याआधीची वर्षं कोणी मोजत नाही. जानेवारी 2019 मध्ये राष्ट्राध्यक्ष अशरफ घनी यांनी सांगितलं होतं की 2014 साली ते सत्तेवर आल्यापासून सुरक्षा दलांची 45,000 हून जास्त माणसं मारली गेली. साडेचार वर्षांत. अमेरिका आणि नाटोची परकी फौज मागे सरकून जबाबदारी स्थानिकांकडे सोपवली जात होती, तीच ही वर्षं. जे लढलेच नाहीत म्हणून तुम्ही चिडता, त्यांच्यातले एवढे लढता लढता गेले होते.

मग कोसळलं का? मला जे समजलं ते सांगते. परक्या फौजेने त्यांना स्वतःसारखं लढायला शिकवलं. डोंगरातल्या चौक्यांना रसद, दारूगोळा, जखमींना परत आणणं, सगळं विमानं आणि हेलिकॉप्टरवर. आधी त्यांच्याकडे रशियन एमआय-17 होती, ती अफगाण मेकॅनिक बरीचशी स्वतः सांभाळत. मग अमेरिकी ब्लॅक हॉक आली, आणि त्यांची देखभाल जवळजवळ पूर्णपणे परदेशी कंत्राटी तंत्रज्ञांच्या हाती राहिली. फेब्रुवारी 2020 चा दोहा करार अमेरिकेने तालिबानशी केला, काबूलचं सरकार त्यात नव्हतंच, आणि सैनिकांबरोबर हे तंत्रज्ञही जातील असं त्यात लिहिलेलं होतं. वर्षानुवर्षं ज्याची सवय लावली तेच काढून घेतलं. जुलै 2021 मध्ये काबूलजवळचा बगरामचा अमेरिकी हवाई तळ रात्रीत रिकामा झाला. तिथल्या अफगाण सेनाधिकाऱ्याला ते कळायला दोन तासांहून जास्त लागले. ज्याच्या खांद्याला खांदा लावून वीस वर्षं उभे राहिलात, त्याला निरोपही न घेता जायचं? हे लिहिताना आत्ताही माझा हात थरथरतो.

चौकीवरच्या जवानाला यातलं काय दिसत होतं? महिनोन् महिने पगार नाही, मदत मागितली तर हेलिकॉप्टर येत नाही, आणि गावातले म्हातारे येऊन सांगतात की शस्त्र टाक, तुला घरी जाऊ देतील. पोराला कळत होतं की वर सौदा झालेला आहे. तुम्ही त्याच्या जागी माझ्या भावाला उभा करून बघा.

आणि हे सगळं त्या मातीचं वैगुण्य आहे असंही नाही. 15 फेब्रुवारी 1989 रोजी अफगाणिस्तानातली शेवटची सोव्हिएत फौज सीमेवरची अमू दर्या नदी ओलांडून परत गेली. महिन्याभरात मुजाहिदीन बंडखोरांनी जलालाबाद शहरावर मोठा हल्ला केला आणि तेव्हाचे अफगाण राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला यांच्या सैन्याने तो परतवला. पुढे तीन वर्षं ते टिकलं. मॉस्कोकडून इंधन, पैसा, दारूगोळा येत होता तोवर टिकलं, आणि 1992 मध्ये तो थांबल्यावर पडलं. याच मुलांचे काका-आजोबा त्यात असतील.

त्यांच्या स्वतःच्या वरिष्ठांचे दोष मी झाकत नाही. मुलंही झाकत नाहीत. तिथेही नावापुरते सैनिक होते, डिझेल विकणारे अधिकारी होते. एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्यावर दोघांनी नेम धरला होता, समोरच्याने आणि आमच्याच मागच्याने." पण त्या चोरीचा भार ज्याच्या शिध्यातून चोरी झाली त्याच्या डोक्यावर का ठेवायचा?

भाषा शिकवणारी म्हणून एक गोष्ट मला फार लागते. भरती होणाऱ्यांत बहुतेकांना वाचता येत नसे. म्हणून नाटोच्या लोकांनी सैनिकांसाठी साक्षरता वर्ग काढले. कशासाठी, तर स्वतःच्या बंदुकीवरचा क्रमांक वाचता यावा आणि आपल्याला पगार किती मिळायला हवा ते कळावं. त्या सगळ्या मोहिमेतलं मला हेच काम सर्वांत खरं वाटतं. आधी ते करायचं सोडून परेडी आणि तुकड्यांचे आकडे का धरले, हे मला कोणी समजावू शकलेलं नाही.

आई, तू त्या दिवशी मागून हळूच विचारलंस, "त्या पोरांच्या आया कुठे आहेत गं?" बाबांच्या आवाजात ते हरवलं, पण मी ऐकलं. बहुतेक तिथेच आहेत. एकाच्या आईने त्याचे गणवेशातले सगळे फोटो जाळले, कोणी झडती घ्यायला आलं तर घरच्यांवर बालंट नको म्हणून. दीक्षान्त संचलनाचा एक फोटो त्याच्या फोनमध्ये आहे. तो आईला पाठवता येत नाही, म्हणून तो रोज तिला व्हॉइस मेसेजवर वर्णन करून सांगतो, टोपी कशी होती, कोण शेजारी होतं. मला त्याने तो दाखवला. मी म्हटलं, माझ्या आईला दाखवू का? तर म्हणाला, दाखवा, कोणाच्या तरी आईने बघायला हवा. घरी येईन तेव्हा त्याने माझ्याकडे दिलेला प्रिंट घेऊन येते.

बाबा, तुम्ही उस्ताद होतात हे मी त्यांना सांगितलंय. तेव्हापासून प्रश्न विचारून त्यांनी मला भंडावून सोडलंय, रायफल साफ करायची तुमची पद्धत कोणती इथपासून. हिंदी त्यांना छान येतं. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला फोन स्पीकरवर ठेवते. तुम्ही दहा मिनिटं बोलाल ना?

तुमची,
धाकटी