अंगणातल्या 38 जणांचा फोटो

वाई,
शुक्रवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. यंदा गणपतीला गुहागरच्या घरी 38 माणसं जमणार, त्यात सात पोरं पाच वर्षांच्या आतली, आणि फोटोचं काम तुझ्याकडे. वाचून फार आनंद झाला.

लेन्स कोणती आणू, असं विचारलं आहेस. ते सांगतो, पण आधी वेळ ठरव. चतुर्थीला नको. त्या दिवशी पूजा, सोवळं, नैवेद्य यातून बायकांना उसंत नसते आणि दुपारी मोदक खाऊन पोरं पेंगतात. तुमचा गणपती गौरींबरोबर जातो, म्हणजे ऋषिपंचमीची सकाळ मोकळी आहे. पोरांचं खाणं उरकलं की नऊच्या सुमारास घे. तान्ह्याची झोप मध्ये येत असेल तर सगळ्यांनी तान्ह्यासाठी थांबायचं. मोठ्यांना थांबता येतं.

हे मी चूक करून शिकलो. तीन वर्षांपूर्वी एका घरी सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो होता, 46 माणसं. मी आधीच सगळ्यांना ओळीत उभं केलं, अडीच वर्षांच्या पणतीला आजींच्या मांडीवर बसवलं आणि मग लक्षात आलं की दोन काका मांडववाल्याचा हिशोब करायला गेलेत. ते येईपर्यंत वीस मिनिटं गेली. पोर रडायला लागली. मग आत्या, मावश्या, माम्या एकदम सुरू झाल्या, "इकडे बघ, इकडे! ती बघ चिऊ!" ते फोटो मी अजून ठेवलेत. पोर आईकडे हात पसरतेय आणि निम्म्या बायकांच्या माना तिच्याकडे वळलेल्या.

शेवटी मी सगळ्यांना हात जोडून गप्प राहायला सांगितलं. कुणीच काही बोलेना तशी ती हुंदके देत देत आजींच्या हातातल्या बांगड्या एकेक करून कोपराकडे सरकवायला लागली. आजी समोरच बघत होत्या. हात मात्र त्यांनी तिला सोपं जावं म्हणून जरासा वर धरला. तेव्हा बटण दाबलं. त्यांच्या बैठकीत आज तोच फोटो आहे. पोर कॅमेऱ्याकडे बघत नाही, आणि त्या घरात कुणालाही ते खटकत नाही.

म्हणून तुझ्या माणसांना आधीच बजावून ठेव. काहीही झालं तरी मोठ्यांनी लेन्सकडेच बघायचं. पोरांना हाक एकानंच मारायची, तीही कॅमेऱ्याच्या मागून. आधी मोठ्यांच्या ओळी लावून घे, उजेड तपास, आणि पोरं अगदी शेवटी आण. एखादं रडलंच तर रडू दे. कुणाचे डोळे मिटले तर दुसऱ्या फ्रेममधला चेहरा मी बसवून देईन, पण रडणाऱ्या पोरावर हसरा चेहरा चिकटवणार नाही. त्या सकाळी ते रडलं होतं, हेही त्या घराचंच आहे.

आता लेन्स. 50 मिमीची असेल तर तीच आण. अंगण कमी पडलं तर 35, त्याहून वाइड नको. कडेची माणसं ताणल्यासारखी दिसतात. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ 8 ठेव, म्हणजे पुढची आणि मागची ओळ दोन्ही शार्प येतील. शटर निदान 1/250 सेकंद ठेव, पोरांचे हात स्थिर राहत नाहीत. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, 800 काय, 1600 काय, बिनधास्त वाढव. भाद्रपदातलं ढगाळ आभाळ वरदान समज, कुणाच्या डोळ्याखाली सावली पडत नाही. पाऊस आलाच तर पडवीच्या जांभ्याच्या पायऱ्या आहेतच, एकामागे एक ओळी आपोआप उंच होतात.

आणि फोटो भरपूर घे. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी पापण्यांच्या उघडमिटीचं गणित मांडलं, त्याला 2006 साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. वीसच्या आत माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला 3 ने भागायचं, कमी उजेडात 2 ने. तेवढे फोटो घेतले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतात. माणसं पन्नासच्या घरात गेली तर आशाच सोडायची. तुम्ही 38, त्यात पोरं. तीस-पस्तीस क्लिक सलग होऊ देत, दोन-तीन मिनिटांत उरकतं. त्याहून जास्त वेळ पोरं देत नाहीत.

एक मात्र माझ्यासाठी कर. तुमच्या घरचे इतक्या वर्षांचे गणपतीचे फोटो मी पाहिलेत, तू एकातही नाहीस. ट्रायपॉड आण, रिमोट हातात ठेव आणि काकूंच्या शेजारी जाऊन बस. माझा जुना रिमोट उद्याच्या कुरिअरनं पाठवतोय. त्यात नवा सेल घातलाय, तरी एक जादाचा जवळ असू दे.

काकूंना नमस्कार, पोरांना खूप खूप आशीर्वाद.

तुझाच,
मित्र