फर्मवेअर अपडेटनंतर स्लीपमधून उठताना वायफाय आणि टचपॅड गमावणाऱ्या लॅपटॉपबद्दल तक्रार

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लॅपटॉप स्लीपमधून उठल्यावर वायफाय कार्ड व टचपॅड बंद पडणे, आणि चार वेळा तक्रार करूनही दोष नाकारला जाणे.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीने लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम घालूनच विकलेला लॅपटॉप मी चौदा महिन्यांपूर्वी घेतला. वॉरंटी दोन वर्षांची आहे. पहिले अकरा महिने हे यंत्र इतके नीट चालले की मी दोन सहकाऱ्यांना तेच मॉडेल घ्यायला सांगितले. त्यातल्या एकीने घेतलेही. तिचा लॅपटॉप या पत्रात पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

मी पदार्थविज्ञान शिकवते. दिवसाला सहा-सात तास असतात. एक वर्ग संपला की झाकण मिटायचे, पुढच्या वर्गात उघडायचे, आलेख आणि सादरीकरण जिथे होते तिथून पुढे न्यायचे, अशी माझी पद्धत. म्हणजे हे यंत्र रोज किमान आठ वेळा झोपते आणि उठते. तीन महिन्यांपूर्वी आपण प्रसिद्ध केलेले फर्मवेअरचे (मदरबोर्डवरच असलेल्या, यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट मी फर्मवेअर अपडेटच्या नेहमीच्या साधनातून, एफडब्ल्यूअपीडीमधून, बसवले. दोन दिवसांनी झाकण उघडले तर टचपॅड मेलेले आणि वायफाय नाहीसे. तेव्हापासून हे रोजचे झाले आहे.

'वायफाय नाहीसे' याचा अर्थ नेटवर्क सापडत नाही असा नाही. कार्डच सापडत नाही. जोडलेली उपकरणे दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या आज्ञेच्या यादीतून ते गायब असते. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत प्रत्येक वेळी एकच ओळ येते. तिचा अर्थ असा की उपकरणाला डी३कोल्डमधून डी० मध्ये आणता आले नाही, उपकरण आवाक्यात नाही. डी० म्हणजे पूर्ण चालू अवस्था आणि डी३कोल्ड म्हणजे वीज पुरती तोडलेली अवस्था. पीसीआय बसवर, म्हणजे उपकरणांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गावर, उत्तर द्यायला कोणी नसले की वाचणाऱ्याला सगळे बिट १ मिळतात, आणि इथे नेमके तेच मिळते. ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा बसवला, उपकरण बसवरून काढून बस नव्याने तपासायला लावली, तरी काही झाले नाही. रीस्टार्ट केल्यानेही कार्ड परत येत नाही. यंत्र पूर्ण बंद करून चालू केले तरच येते. टचपॅडचे जरा बरे आहे. त्याचा आय२सी (टचपॅड ज्या जोडणीने यंत्राला जोडलेले असते तिचा) ड्रायव्हर काढून लावला की ते जागे होते. त्यासाठी उठल्यावर आपोआप चालणारी एक छोटी स्क्रिप्ट मी सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) स्लीपच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. पण विकत घेतलेल्या यंत्राला अशा कुबड्या मी का लावाव्यात?

आता आपल्या विभागाच्या उत्तरांविषयी.

पहिल्या तक्रारीला उत्तर आले : लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करा. केले. आपल्याच संकेतस्थळावरच्या मूळ प्रतिमेवरून (इन्स्टॉलेशनच्या तयार फाइलवरून), डिस्क पूर्ण पुसून. फरक पडला नाही. दुसऱ्या वेळी सांगितले गेले की दोष कर्नलच्या अपडेटमुळे असावा. माझ्या नोंदींनुसार पहिल्या बिघाडाआधीचे तीन आठवडे कर्नल बदललेलाच नव्हता. बदलले होते ते फक्त फर्मवेअर. तरीही मी ६.६ आणि ६.१२ अशा दोन्ही दीर्घकालीन कर्नलवर यंत्र चालवून पाहिले. दोन्हींवर दोष तसाच आहे.

तिसऱ्या वेळी यंत्र सर्व्हिस सेंटरला दिले. तिथे माझी डिस्क पुसून विंडोज टाकण्यात आले, झाकण दोनदा मिटून उघडण्यात आले आणि कागदावर लिहिले गेले, 'दोष आढळला नाही.' या तीन शब्दांचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

आपल्या यंत्राचे फर्मवेअर झोपेच्या दोन पद्धती जाहीर करते. एकीत प्रोसेसर चालूच राहतो, फक्त खोल विश्रांतीत जातो. तिला लिनक्समध्ये एस२आयडल म्हणतात आणि विंडोजची मॉडर्न स्टँडबाय त्याच जातीची. दुसरी जुनी एस३. तिच्यात फक्त मेमरीला वीज राहते, बाकी यंत्र जवळपास बंद होते आणि उठताना आधी फर्मवेअर जागे होऊन मग ताबा ऑपरेटिंग सिस्टमकडे देते. फर्मवेअरने मॉडर्न स्टँडबाय जाहीर केली असेल तर विंडोज एस३ वापरतच नाही. आपण पाठवलेल्या लिनक्समध्ये मात्र झोपेची निवडलेली पद्धत दाखवणाऱ्या मेम_स्लीपच्या फाइलमध्ये चौकोनी कंस 'डीप'भोवती आहे, म्हणजे एस३ निवडलेली आहे. ती मी निवडलेली नाही. बूटच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या, ओळीत तो पर्याय आपल्या कारखान्यातूनच लिहून आला आहे, आणि मूळ प्रतिमेतही तो आहे. तेव्हा आपल्या तंत्रज्ञाने जी झोप तपासली ती माझ्या लॅपटॉपला लागणारी झोप नव्हतीच. दोष ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याने तो गेलाच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. हा दोष लगेच झाकण उघडल्यास बहुधा दिसत नाही, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळले. म्हणून मी आरटीसीवेक वापरून मोजणी केली. या आज्ञेने यंत्र झोपते आणि ठरवलेल्या सेकंदांनी आतल्या घड्याळाच्या गजराने उठते. उठल्यावर स्क्रिप्ट कार्ड आहे का ते पाहून नोंद करते. कार्ड नसेल तर यंत्र पूर्ण बंद करून मिनिटाभराने त्याच घड्याळाने पुन्हा चालू करते आणि पुढची फेरी सुरू होते. १० सेकंदांच्या झोपेच्या ५० फेऱ्यांत कार्ड ३ वेळा हरवले. ५ मिनिटांच्या झोपेच्या ५० फेऱ्यांत ४७ वेळा. झाकण दोनदा पटपट मिटून उघडणाऱ्याला दोष कसा आढळणार?

यानंतर मी पीएम_टेस्टची चाचणी केली. कर्नलमध्ये ही सोय यासाठीच आहे. झोपेची तयारी एकेका पायरीपर्यंत नेऊन, काही सेकंद थांबून, खरी झोप न घेताच परत फिरता येते. फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर अशा पाचही पायऱ्या मी प्रत्येकी २० वेळा चालवल्या. एकदाही कार्ड हरवले नाही, टचपॅड बंद पडले नाही. म्हणजे ड्रायव्हर उपकरणांना नीट झोपवतात आणि नीट उठवतात. एस२आयडलमध्येही दोन्ही उपकरणे सुखरूप परत येतात. बिघाड होतो तो फक्त यंत्राचा ताबा खरोखर फर्मवेअरकडे जाऊन परत आला तरच.

एवढ्यावरही कोणी म्हणू शकेल की माझ्या डिस्कवरच्या लिनक्समध्ये काही गडबड असेल. तेव्हा मी सहकारी बाईंकडे गेले. त्यांचे मॉडेल तेच, वायफाय कार्ड तेच, कर्नल तोच. फर्मवेअर मात्र जुने, कारण त्यांनी अपडेट घेतलेच नव्हते. आपल्या माहितीपुस्तिकेत डिस्क ग्राहकाने बदलायला परवानगी आहे, म्हणून आम्ही एका रविवारी दोन्ही यंत्रे उघडून डिस्कांची अदलाबदल केली. माझी डिस्क त्यांच्या यंत्रात : ५ मिनिटांच्या ५० फेऱ्या, ५० वेळा कार्ड जागेवर. त्यांची डिस्क माझ्या यंत्रात : ५० पैकी ४८ वेळा कार्ड गायब. पुढे कार्डांचीही अदलाबदल केली. माझे कार्ड त्यांच्याकडे निमूट उठत राहिले, त्यांचे कार्ड माझ्याकडे हरवत राहिले. दोष डिस्कबरोबर गेला नाही, कार्डाबरोबर गेला नाही. तो माझ्या मदरबोर्डवरच राहिला, आणि त्या बोर्डात आणि बाईंच्या बोर्डात मला ठाऊक असलेला फरक एकच आहे : आपले नवे फर्मवेअर.

दोन्ही यंत्रांतले एसीपीआयचे तक्तेही मी काढून समोरासमोर ठेवले. एसीपीआय म्हणजे फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टम यांच्यातला करार. तो १९९६ पासून आहे, आणि कुठल्या उपकरणाला वीज कशी द्यायची हे उत्पादकानेच त्यात लिहायचे असते. एस३मधून उठल्यावर _डब्ल्यूएके नावाची पद्धत चालते. जुन्या फर्मवेअरमध्ये ती वायफायच्या स्लॉटशी आणि टचपॅडशी संबंधित आणखी एक पद्धत बोलावते. नव्यात ते बोलावणे काढून टाकलेले दिसते. वीज पुरती उतरली असताना उठताना ती पुन्हा द्यायला कोणीच येत नसावे, आणि छोट्या झोपेत वीज पूर्ण उतरतच नसावी, असा माझा तर्क आहे. तो चुकीचा असू शकतो. फर्मवेअरचा मूळ कोड आपल्याकडे आहे, माझ्याकडे नाही. पण बाकीच्या मोजण्या तर्क नाहीत. त्या आपल्या कोणाही तंत्रज्ञाला एका रात्रीत करून पाहता येतील.

चौथ्या तक्रारीला आलेले उत्तर असे : 'स्लीप बंद ठेवावे, किंवा एस२आयडल वापरावे.' एस२आयडल मी वापरून पाहिले. एस३मध्ये रात्रभरात बॅटरी ३ ते ४ टक्के उतरायची, ती आता ३८ टक्के उतरते. चिप सर्वांत खोल विश्रांतीत किती वेळ होती हे सांगणारा मोजक सकाळी शून्यावरच असतो, म्हणजे ती रात्रभर अर्धवट जागीच. एकदा यंत्र पिशवीतून बाहेर काढले तेव्हा हाताला चटका बसेल इतके तापले होते. आणि स्लीप बंद ठेवायचे म्हणजे प्रत्येक वर्गात यंत्र पहिल्यापासून सुरू करायचे. चाळीस मिनिटांच्या तासातली चार-पाच मिनिटे त्यात जातात, दिवसाला अर्धा तास. समोर पन्नास मुले बसलेली असतात. लॅपटॉपचे झाकण मिटता येऊ नये, हा उपाय असूच शकत नाही, आणि तो लेखी देताना आपल्या विभागात कोणालाच काही वाटले नाही याचे मला वाईट वाटते.

'हे फर्मवेअर विंडोजवर तपासलेले आहे' असेही मला दूरध्वनीवर ऐकवले गेले. मग लिनक्स घालून, 'लिनक्ससाठी प्रमाणित' असे खोक्यावर छापून विकताना कशावर तपासले होते? मी हे यंत्र त्या एका ओळीमुळे निवडले. स्वतःच्या जबाबदारीवर लिनक्स टाकणाऱ्या ग्राहकाला 'आमचा संबंध नाही' म्हणणे एक वेळ समजू शकते. इथे सिस्टम आपली, बूटचा पर्याय आपला, फर्मवेअर आपले, आणि ते बसवण्याची सूचना पडद्यावर पाठवणारेही आपणच. त्या अपडेटसोबतच्या टिपणात 'स्थैर्यात सुधारणा' एवढेच लिहिले होते. झोपेशी संबंधित काही बदलले आहे हे त्यात असते, तर मी परीक्षेच्या मोसमात ते बसवलेच नसते.

माझी पहिली मागणी सोपी आहे. जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची वाट उघडा. सध्या नवे फर्मवेअर जुन्याला नाकारते. सुरक्षेसाठी असे करतात हे मला माहीत आहे, पण मग जुन्या वर्तनाची, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसह, नवी आवृत्ती काढण्याची जबाबदारीही आपल्यावरच येते. ती तीस दिवसांत मिळावी. तोवर मला जुन्या फर्मवेअरचा मदरबोर्ड बसवून द्यावा किंवा त्याच मॉडेलचे चालते यंत्र वापरायला द्यावे. तीस दिवसांत यातले काहीच होणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. त्याखेरीज, 'दोष आढळला नाही' हा शेरा माझ्या यंत्राच्या नोंदीतून काढून तिथे खरे काय ते लिहावे. वॉरंटीला दहा महिने उरले आहेत, आणि तो शेरा तसाच राहिला तर पुढच्या प्रत्येक तक्रारीत तोच माझ्यापुढे ठेवला जाईल.

शक्य असेल तर हे अपडेट दुरुस्ती होईपर्यंत मागे घ्यावे. सहकारी बाईंच्या पडद्यावर ते बसवण्याची सूचना रोज येते. मी त्यांना ते घेऊ नका म्हणून सांगितले आहे, पण हेच मॉडेल वापरणाऱ्या बाकीच्यांना कोण सांगणार?

दोन्ही यंत्रांच्या कर्नल नोंदी, फेऱ्यांचे तक्ते, मोजणीची स्क्रिप्ट, दोन्ही एसीपीआय तक्ते आणि आपल्या विभागाची चारही उत्तरे सोबत जोडली आहेत. यंत्र तपासणीसाठी हवे असल्यास मी आणून देईन, मात्र माझी डिस्क काढून घेऊन. तंत्रज्ञाने आपल्या कारखान्याच्या प्रतिमेवरून लिनक्स घालावे, झोप 'डीप'वरच ठेवावी आणि प्रत्येक फेरीत यंत्र किमान पाच मिनिटे झोपू द्यावे. या पत्राचे उत्तर लेखी मिळावे, आणि ते फर्मवेअर विभागाने जोडलेल्या नोंदी वाचल्यानंतर लिहिलेले असावे.

आपली,
एक ग्राहक